सुमनताईंना विचारलं का?

"काय करत होता तुम्ही?" असं कुणी विचारलं आणि मी "वाचाउपचार" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे बोबडं बोलणारी मुलं असतात, त्यांचं ना?" परवा साताऱ्याहून सांगलीला येताना शेजारच्या बाईंनी हेच विचारलं आणि मी नेहमीप्रमाणे "हो, तेही" म्हणून मोकळी झाले. कराड यायच्या आत त्यांना सगळं समजावता आलं असतं. पण निवृत्त माणसानं दिसेल त्याला धरून आपली नोकरी समजावू नये, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. म्हणून इथे समजावते. इथे वाचायचं की पान उलटायचं हे तुमच्या हातात आहे.

बोबडी मुलं आमच्याकडे येतात. तोतरेपणामुळे नोकरीच्या मुलाखतीला जायलाच घाबरणारे तरुण येतात, वर्गात ओरडून आवाज बसलेले शिक्षक येतात. पण सांगलीतल्या ज्या रुग्णालयात मी नोकरी केली, तिथे माझा बराचसा दिवस जायचा तो अर्धांगवायूचा झटका येऊन वॉर्डात पडलेल्या माणसांत. त्यांच्याबाबतीत माझी कामं दोन. पहिलं गिळण्याचं. आपण पाण्याचा घोट घेतो तेव्हा घशातलं एक झाकण वेळेवर मिटतं आणि पाणी छातीत न जाता पोटात जातं. झटका आलेल्या माणसाचं हे झाकण आळशी होतं. मग साधं पाणी हीच सगळ्यांत धोक्याची वस्तू ठरते, कारण ते घरंगळत कुठेही जातं. छातीत गेलं की न्यूमोनिया. नातेवाईक काकुळतीला येऊन म्हणतात, "मॅडम, निदान घोटभर पाणी तरी पाजू द्या," आणि मी म्हणते, "पाणीच नको. घट्ट पेज द्या." या वाक्यापायी किती आयाबायांनी मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, देव जाणे.

दुसरं काम बोलण्याचं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा उजवा हात-पाय जातो आणि त्याबरोबर शब्दही जातात. याला वाचाघात म्हणतात. माणूस आत शाबूत असतो. त्याला घर आठवतं, भांडणं आठवतात, कोण मायेनं आलंय आणि कोण नुसतं बघायला आलंय हेही कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटतो आणि ऐन वेळी त्याचं नाव आठवत नाही, तेव्हा आपली काय तारांबळ उडते! या माणसांचं प्रत्येक शब्दाच्या बाबतीत तसं होतं, आणि दिवसभर होतं.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, नोकरीतले चार-पाच अनुभव लिहा. मी लिहायला बसले, आणि एकच बाई येऊन समोर बसली. बाकीच्यांना तिनं जागाच दिली नाही.

सुमनताई इस्लामपूरच्या. एसटीत कंडक्टर होत्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, भक्कम बांध्याची बाई. सकाळी ड्यूटीवर निघताना खांद्याला बॅग अडकवली आणि तशाच उंबऱ्यात कोसळल्या. नवरा विलासराव साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. एकुलता एक मुलगा प्रशांत साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. दोघांनी मिळून त्यांना आमच्याकडे आणलं तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेलेली होती, गिळता येत नव्हतं, आणि शब्द सगळे गेले होते. एवढंच उरलं होतं, "हाय की."

"हाय की" म्हणजे आमच्याकडे "आहे ना", "हो तर". असं एखादं तुटकं वाक्य उरणं वाचाघातात नेहमीचं आहे. माझ्या एका पेशंटला फक्त "बरं बरं" उरलं होतं, एकाला शिवी. शिवीवाल्यांच्या घरच्यांची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. त्या मानानं "हाय की" फार सभ्य. पण त्यातच घोटाळा होता.

तेव्हा आमच्या मेंदूविकार विभागात डॉ. निखिल नव्यानं आले होते. हुशार, कष्टाळू, वॉर्डात बसून डबा खाणारा मुलगा. मुलगाच म्हणायचा, माझ्या वयाच्या मानानं. ते राउंडला आले की विचारायचे, "सुमनताई, बरं वाटतंय?" उत्तर, "हाय की." "नाकातली नळी राहू द्या ना, जेवण त्यातूनच द्यायचंय." "हाय की." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळत, आणि त्यांची पाठ फिरली की सुमनताई डाव्या हातानं ती नळी उपसून काढत.

असं वारंवार झालं. नळी परत घालणं पेशंटलाही त्रासाचं आणि घालणाऱ्यालाही. वॉर्डच्या मालन सिस्टर अनुभवी आणि मायाळू होत्या, पण खाटा भरलेल्या आणि हात मोजके. त्यांनी एके दिवशी सुमनताईंचा डावा हात पट्टीनं खाटेच्या कठड्याला सैलसर बांधला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. गोंधळलेला पेशंट स्वतःला इजा करून घेतो म्हणून हात बांधण्याची पद्धतच होती.

आमची आठवड्याची टीम मीटिंग व्हायची. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सिस्टर, आहारतज्ज्ञ आणि मी. टीममध्ये पेशंट धरलेला नसे. मीटिंग त्याच्याविषयी असे, इतकंच. त्या मीटिंगमध्ये डॉ. निखिल म्हणाले, "नाकातली नळी टिकत नाही. पोटाला छोटं छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवू. नवऱ्याची संमती आहे. पेशंटनेही होकार दिलाय."

"होकार म्हणजे काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"हाय की म्हणाल्या."

"डॉक्टर, मी त्यांना काल विचारलं, तुमचं नाव शांताबाई का? त्यावरही त्या हाय की म्हणाल्या."

सगळे हसले. डॉ. निखिलही हसले. म्हणाले, "म्हणजे त्यांना समजत नाही असं तुमचं म्हणणं आहे का? मग नवऱ्याची संमती पुरेशी आहे."

"समजत नाही असं मी म्हणत नाही. समजतं की नाही हेच आपल्याला अजून माहीत नाही. मला थोडा वेळ द्या."

ते "ठीक आहे" म्हणाले, पण चेहऱ्यावर काळजी होती. ती खोटी नव्हती. पोटात काही नीट जात नव्हतं, वजन उतरत होतं. वेळ हीच तिथे दुर्मीळ गोष्ट होती.

मी खाटेपाशी गेले. हाताची पट्टी सोडली. आधी अंगठा वर-खाली करून हो-नाही सांगायचा प्रयत्न केला. जमेना. कधीकधी इजा अशी असते की हाताला मुद्दाम सांगितलेली खूण करता येत नाही. मान हलवायचंही तसंच, हो म्हणायला जाताना नाही व्हायचं. चित्रांचा तक्ता दाखवला, बोट भलतीकडे जायचं. सुमनताई घामाघूम झाल्या. डोळ्यांत पाणी आलं. तोंडानं "हाय की, हाय की" चालूच. विलासराव पायथ्याशी उभे होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे मॅडम. लय तरास हुतोय तिला."

तेवढ्यात मालन सिस्टर ट्रेमध्ये नवी नळी घेऊन आल्या. त्यांना बघताच सुमनताईंनी डाव्या हाताची मूठ कठड्यावर आपटली. ठण्‌. लोखंडी कठडा तो. सिस्टर आणखी जवळ आल्या. परत एकदा, ठण्‌.

"चिडल्यात," सिस्टर म्हणाल्या.

विलासराव मात्र पुढे आले. "आवं न्हाई. बेल मारतीया ती."

"कसली बेल?"

"गाडीची. एक बेल म्हंजी थांब. दोन म्हंजी चल. सिंगल, डबल. सारा जलम ह्योच केला न्हवं तिनं." मग ते बायकोकडे वळले, आणि आवाज एकदम बारीक झाला. "सुमे, थांब म्हंतीयास व्हय?"

ठण्‌ ठण्‌.

मालन सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला. मी विचारलं, "तुमचं नाव शांताबाई?" तोंडानं "हाय की" आणि हातानं ठण्‌, एकदाच. "तुमचं नाव सुमन?" ठण्‌ ठण्‌. "प्रशांत तुमचा भाऊ?" एकदा. "मुलगा?" दोनदा. मी विचारत गेले, उलटसुलट विचारत गेले. एखाद-दुसरं चुकायचं, पण बाकी सगळं बरोबर. मुद्दाम सांगितलेली खूण हाताला जमत नव्हती, वर्षानुवर्षांची सवय मात्र हातात शाबूत होती. विलासराव खाटेवर टेकले आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडले. त्यांची बायको इतके दिवस आत होती आणि बाहेरून कडी आम्ही घातली होती, असं त्यांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं. कारण तोच हात आम्ही बांधला होता.

पुढची मीटिंग मी खाटेभोवती घ्यायला लावली. डॉ. निखिलनी कुरकुर केली, "असं प्रत्येक पेशंटचं करायला लागलो तर ओपीडी कधी बघायची?" ही कुरकुर रास्त होती. पण ते आले. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, छोटी वाक्यं, एका वेळी एकच गोष्ट, आणि विचारल्यावर थांबायचं. हे थांबणंच सगळ्यांत अवघड. शांतता झाली की आपण ती आपल्याच बोलण्यानं भरून टाकतो. मी त्यांना पोटातली नळी प्रत्यक्ष दाखवायला लावली, ती पुढे काढता येते हे सांगायला लावलं. तोंडानं खाल्लं तर छातीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं, हेही त्यांनी न लपवता सांगितलं.

मग विचारलं, "पोटात नळी हवी?"

ठण्‌.

"नळी नको?"

ठण्‌ ठण्‌.

"धोका असला तरी तोंडानं खायचं?"

ठण्‌ ठण्‌.

"का पण?" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं. "का" या प्रश्नाला एक आणि दोन बेलमध्ये उत्तर नसतं. आम्ही अंदाज करून विचारलं. दुखेल म्हणून? नाही. कायमची राहील म्हणून? नाही. घरच्यांना त्रास म्हणून? नाही. शेवटी सुमनताईंनी डोळे मिटून घेतले. दमल्या होत्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉ. निखिल म्हणाले, "कारण कळल्याशिवाय हा नकार मी कसा मानू?"

"बोलणारा पेशंट 'मला ऑपरेशन नको' म्हणाला, तर तुम्ही त्याला कारण देईपर्यंत सोडत नाही का?"

प्रशांत तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, आईला आत्ता काय कळतंय? उद्या काही झालं तर?" पोराचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याच्याशी वाद घालवेना. तरी शेवटी ठरलं, सुमनताई म्हणतात तसं करून बघायचं.

मी विलासरावांना सगळं शिकवलं. उशा लावून सरळ बसवायचं, हनुवटी छातीकडे, छोटा चमचा, एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही. घट्ट आंबील, दह्यात कालवलेला मऊ भात. पाणीसुद्धा घट्ट करून. पातळ काहीही नाही. साखरेच्या पाकावर उभं आयुष्य काढलेला माणूस, घट्ट-पातळ त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं. सुमनताई घरी गेल्या.

काही आठवडे बरे गेले. मग एके दुपारी वॉर्डातून फोन आला, सुमनताई परत आल्यात, ताप आहे, श्वास लागलाय. घरी भेटायला पाहुणे आले होते. विलासराव दुकानात गेले तेवढ्यात कुणीतरी मायेनं कपभर ताक पाजलं होतं. अतिदक्षता विभागाच्या दारात विलासराव मला दिसले आणि मी जवळ जाताच म्हणाले, "तुमी तिचं ऐकलंसा, म्हणून ह्ये झालं. तवाच नळी घातली असती तर ही येळ आली नसती."

मी त्यांना ताकाची आठवण करून दिली नाही. कदाचित ते म्हणत होते ते खरंही होतं. पेशंटचं ऐका, असं सांगणारी माणसं ऐकल्याचा परिणाम कुणाला भोगावा लागतो हे पुष्कळदा सांगत नाहीत. तो पेशंट भोगतो, त्याच्या घरचे भोगतात. आम्ही मीटिंग संपवून चहाला जातो. ते दिवस मला फार जड गेले. डॉ. निखिल एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्याबद्दल कायम लक्षात ठेवलं आहे.

सुमनताई त्यातून वाचल्या. वॉर्डात आल्यावर डॉ. निखिल मला न बोलावता स्वतःच त्यांच्या खाटेपाशी गेले. मी लांबून पाहिलं, त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. उभ्यानं बोलणारा माणूस कधीही निघून जाईल असं वाटतं, बसलेला तसा वाटत नाही. त्यांनी सगळं परत सांगितलं आणि विचारलं, "नळी हवी?"

ठण्‌ ठण्‌.

"नळी नको?"

ठण्‌.

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "हवी?" सुमनताईंनी डोळे वटारले आणि कठडा असा दोनदा वाजवला, की शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसली. "दोनदा सांगितलंय बया तिनं," आजी म्हणाली. "बहिरा हाय का ह्यो?" सगळा वॉर्ड हसला. सुमनताईही हसल्या, तोंडाच्या एकाच बाजूनं.

नळी बसली, काही महिने राहिली. गिळणं सुधारलं तशी ती काढली. शब्दही एकेक करून परत आले, फार थोडे आणि फार सावकाश. पहिल्यांदा नकार का दिला, हे पुढे कधीतरी मी विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ घेऊन नाकाकडे बोट नेलं, मग पोटाकडे. "आई," त्या म्हणाल्या. "कोरेगाव. नळी. गेली." सुमनताईंचं माहेर कोरेगावचं, तिथे त्यांची आई शेवटचे दिवस नळीवर होती. नळी लागली म्हणजे माणूस जाणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आम्ही इतके प्रश्न विचारले, हा एक आम्हाला सुचला नव्हता. आणि नंतर नळी हवी असं का म्हणालात, हे विचारलं तर त्या म्हणाल्या, "दम... लागला." एवढं साधं कारण होतं. आधी त्या मरणाला घाबरून नको म्हणाल्या, नंतर मरणालाच घाबरून हवी म्हणाल्या. दोन्ही वेळा त्यांना विचारलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या वर्षी डॉ. निखिलच म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांना वाचाघात पुस्तकातून कळत नाही. सुमनताई येतील का शिकवायला?" त्या आनंदानं आल्या. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. पण पहिला वर्ग फसला. त्यांना सभागृहात व्यासपीठावर बसवलं होतं. खाली शे-दीडशे पोरं. डॉक्टर माइकवर लक्षणं सांगत होते आणि सुमनताई काहीतरी बोलून दाखवत होत्या. शब्द आला की पोरं कौतुकानं टाळ्या वाजवायची. दोन-तीन टाळ्यांनंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलं. परत जाताना गाडीत बसेपर्यंत त्या माझ्याकडे बघेनात. मग म्हणाल्या, "माकड."

मला तो शब्द फार लागला. त्यांना शिकवायला बोलावलं होतं, आणि आम्ही त्यांना दाखवायला ठेवलं होतं.

परत याल का, असं विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. विचारलं तेव्हा त्यांनी अटी घातल्या. एकेक शब्द जुळवत, मध्येच विलासरावांच्या पाठीवर चापट मारून त्यांना गप्प करत. "खोली... बारकी. एक-एक... पोर. मार्क... मी."

म्हणजे छोट्या खोलीत, एका वेळी एक विद्यार्थी, आणि मार्क त्या देणार. खात्यात थोडी खळखळ झाली, पेशंटनं मार्क कसे द्यायचे? डॉ. निखिलनी ती मिटवली. नर्सिंगच्या, फिजिओच्या, डॉक्टरकीच्या मुलामुलींना सुमनताईंकडून त्यांची तक्रार काढून घ्यायची असे. कुणी भरभर बोलायचं, कुणी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचं. कितीतरी जण दोन वाक्यांत विलासरावांकडे वळून "यांना झोप लागते का?" असं विचारायचे. सुमनताई कुणालाही नापास करायच्या नाहीत. "परत ये," म्हणायच्या. पोरं परत यायची. नंतर स्टाफरूममध्ये आमच्याबरोबर चहा घेऊन त्या इस्लामपूरची गाडी पकडायच्या. विद्यार्थी त्यांना 'ताई मॅडम' म्हणत. विलासराव माझ्यावरचा राग कधी विसरले ते मला कळलं नाही. एकदा त्यांनी माझ्यासाठी घरची काकवी आणली, तेव्हा विसरले असावेत असं मी धरून चालले.

आता शेवटचं सांगते. मी निवृत्त व्हायच्या बेतात होते तेव्हा डॉ. निखिलनी एक संशोधन हाती घेतलं. झटक्यातून वाचलेली माणसं सांगली-साताऱ्याच्या गावांत घरी गेल्यावर कशी जगतात, याची पाहणी करायची. प्रश्नावली तयार झाली. मी म्हटलं, ज्यांना विचारणार आहोत त्यांतल्या दोघा-तिघांना आधीच टेबलाशी बसवू. तेव्हा साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले आणि सुमनताई आल्या. सोबत विलासराव. सुभेदारांचा एक पाय ओढायचा, पण वाचा धडधाकट. ते म्हणाले, "तुमी चालता येतं का इचारलंय. संडासला बसून उठता येतं का ते न्हाई इचारलं. रिपोर्ट अधुरा हाय साहेब." प्रश्न वाढवला गेला.

मग डॉ. निखिल कुणाला पाहणीत घ्यायचं याचे नियम वाचू लागले. त्यात एक नियम होता, ज्यांना बोलून उत्तरं देता येत नाहीत त्यांना वगळावं. असा नियम पुष्कळ संशोधनात असतो. अशा माणसांना वेळ लागतो, उत्तर नक्की काय आहे याची खात्री नसते. म्हणून ज्यांचं सगळ्यांत जास्त गेलं, त्यांच्याविषयीच सगळ्यांत कमी लिहिलं जातं.

"मी?" सुमनताई म्हणाल्या.

डॉ. निखिल थांबले. पुन्हा ती ओळ वाचली, या वेळी मनात. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ओळ खोडली. "यांच्यासाठी वेळ जास्त ठेवायला लागेल," ते शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाले. "आणि मॅडम, मुलाखती कशा घ्यायच्या ते आमच्या माणसांना शिकवायला लागेल. तुम्ही आणि ताईंनीच शिकवायचं."

"अजून काय विचारावं असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी सुमनताईंना विचारलं आणि ते थांबले. खरोखर थांबले. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. सुमनताईंचे ओठ हलत होते. एक शब्द आला, तो नको होता, त्यांनी हातानं झटकला. विलासराव मदतीला सरसावले, त्यांना हातानंच अडवलं.

"घरात," त्या म्हणाल्या. "घरात... मला... इचारत्यात का?"

सुभेदार जोरजोरात मान हलवू लागले. डॉक्टर लिहून घेत होते, "घरातले निर्णय घेताना तुम्हाला विचारलं जातं का." मी मात्र विलासरावांकडे बघत होते. ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते आणि मान वर करत नव्हते.

मीटिंग संपल्यावर आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. तिथे मला कळलं. प्रशांतनं साताऱ्यात घर घेतलं होतं. आई-वडिलांनी इस्लामपूरचं घर बंद करून तिकडे राहायला यायचं, असं बाप-लेकांत ठरलं होतं. सामानाची बांधाबांधही सुरू होती. त्यांच्या सोयीचंच होतं, मोठं रुग्णालय जवळ, सून मायाळू. विलासराव सांगत होते ते मला, पण आवाज बायकोला ऐकू जाईल इतका होता. बोलता बोलता ते थांबले. खुर्ची वळवून सुमनताईंच्या समोर झाले.

"सुमन, साताऱ्याला जायाचं का?"

त्या बघत राहिल्या. पोरगा टेबल पुसायला आला, मी त्याला खुणेनंच नंतर ये म्हटलं. विलासरावांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्यांनी "का न्हाई" म्हटलं नाही, "तुझ्याच भल्याचं हाय" म्हटलं नाही. थांबले.

"तुमी... जावा," सुमनताई म्हणाल्या. "मी... न्हाई. शेजारीण... डेपो... पोरी येत्यात. बोलाय." मग एक दम घेऊन, एकदम स्पष्ट, "माझं गाव हाय ते."

विलासराव माझ्याकडे वळले. अर्धवट हसत, अर्धवट रडकुंडीला येऊन. निम्मं सामान बांधून झालं होतं, पोराला फोन करायचा होता, सुनेला समजवायचं होतं.

"एकदा इचारलं म्हंजी ऐकाय लागतंय बघा मॅडम," ते म्हणाले. "लय अवघड काम हाय तुमचं." आणि प्रशांतला फोन लावायला उठून बाहेर गेले.